बजबजचे रोडगे

श्यामरावांचा ब्रश रोज सकाळी दात घासून झाले की पुसला जायचा, कागदात गुंडाळला जायचा आणि पिशवीत परत जायचा. पिशवी पलंगाखाली, दाराकडे तोंड करून ठेवलेली. सॉल्ट लेकच्या त्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये ब्रश ठेवायला चांगला चिनीमातीचा पेला होता. देवयानीने त्यात दिवाळीपासून एक जागा रिकामी ठेवली होती, पण तिथं राहायला कोणी येईना.

दिवाळीच्या तोंडावर श्यामराव अंजनगावच्या घरी मोरीत घसरून पडले होते. शकुनबाई गेल्यापासून घरात एकटेच. रात्रभर तसेच पडून राहिले आणि सकाळी दूधवाल्याने भांडं वाजवलं तेव्हा कुठे गावाला कळलं. हाड मोडलं नव्हतं, नशीब. देवयानी गेली आणि "चार दिवस चला" म्हणून वडिलांना कलकत्त्याला घेऊन आली. चार दिवस म्हणता म्हणता संक्रांत आली. आता श्यामरावांच्या बंडीच्या खिशात परतीचं तिकीट होतं. हावडा ते बडनेरा, सोमवारची गाडी. जावयाच्या मोबाईलवरच्या तिकिटावर विश्वास नसल्याने त्यांनी ते कागदावर छापून घेतलं होतं.

त्यांनी जाऊ नये असं देवयानीला वाटत होतं. पुन्हा त्या मोरीत, पुन्हा त्या दूधवाल्याच्या भरवशावर, नको. पण हे सांगायला ती तोंड उघडायची आणि बाहेर यायचं ते भलतंच. श्यामराव पाणी घ्यायला उठले की "तुम्ही बसा बाबा." दारावरची बेल वाजली की "तुम्ही बसा बाबा." एकदा नळाचा वॉशर गेला. जन्मभर जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटरकी केलेला माणूस डोळ्यांत चमक घेऊन उठला, तर हिने प्लंबरला फोन केलेला. "तुम्ही बसा ना बाबा!" मग श्यामराव बसले. बाल्कनीत बसले, हॉलमध्ये बसले, टीव्हीवरच्या बंगाली बातम्यांसमोर बसले. दोन महिन्यांत त्यांच्या बसण्याचा आकार सोफ्यावर उमटला होता.

रोडग्यांची कल्पना देवयानीला सुचली ती खालच्या मजल्यावरच्या बुलादीमुळे. बंगाल्यांचं हिवाळ्यात पिकनिकवाचून अडतं. जानेवारीत घरी बसलेल्या माणसाकडे ते आजारी असल्यासारखं पाहतात. "रविवारी बजबजला चल, नदीकाठी," बुलादी म्हणाली. "मेशोमोशायना, तुझ्या बाबांना, पण आण. बाहेर काहीतरी शिजवू."

बाहेर शिजवायचं म्हटल्यावर देवयानीच्या नाकात एकदम अंजनगावच्या मारुतीसमोरचा धूर शिरला. पिकं निघाली की दरवर्षी तिथं रोडग्यांचं जेवण असायचं. कणकेचे थरावर थर देऊन गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर शेकायचे आणि मग गरम राखेत पुरून ठेवायचे. ना चूल, ना तवा. राखेतून निघाले की फोडायचे आणि आत तूप सोडायचं. वर वांग्याची भाजी, सोबत वरण. हा सगळा स्वयंपाक पुरुषांचा. बायकांनी त्या दिवशी नीटनेटकं नेसून यायचं आणि पंगतीला बसायचं, बस. आणि त्या पुरुषांचे म्होरके कायम श्यामराव.

"म्हणजे तू रोडगे जन्मभर खाल्लेस," नवऱ्याने, अजेयने, विचारलं, "आणि केलेस किती वेळा?"

"एकदाही नाही."

"छान. मी पुण्याचा. मी तर बघितलेसुद्धा नाहीत."

"तू गोवऱ्या आण."

अजेय सेक्टर फाइव्हमध्ये संगणकांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. शनिवारी तो आपली जुनी ट्रेकिंगची सॅक घेऊन कालव्यापलीकडच्या गोठ्यावर गेला आणि भिंतीवरच्या वाळलेल्या गोवऱ्या, तिकडे त्यांना घुंटे म्हणतात, भरून घेऊन आला.

"आईला कळलं ना, मी सासऱ्यांसाठी सॅकमधून शेण वाहिलं—"

"शेण नाही. गोवऱ्या."

"फरक तूच समजाव तिला."

सॅकसोबत माळ्यावरचं त्याचं बाकीचं सामानही उतरलं. पोचे आलेली दोन पातेली, छोटा स्टोव्ह, घडीचं फावडं, लांब चिमटा आणि एक घडीची कापडी खुर्ची. खुर्ची श्यामरावांसाठी. देवयानीने मनाशी सगळं ठरवलं होतं. बाबांनी काडीलासुद्धा हात लावायचा नाही. ते मजेत बसतील, त्यांच्या मुलीच्या हातचा रोडगा खातील, त्यांचं मन भरून येईल, आणि मग ती म्हणेल, राहा ना बाबा.

रविवारी बजबजला पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि घाट आधीच अर्धा भरलेला. लाऊडस्पीकर दोन, गाणी दोन, दोन्ही एकाच वेळी. पलीकडे तेलाच्या टाक्या, अलीकडे ज्यूट मिलचं धुरांडं, मधे संथ, मातकट नदी. बुलादीचे यजमान तपनदा माकडटोपी कानांवर ओढून सतरंजी अंथरत होते. कॉलेजात जाणारी सायली, देवयानीची मुलगी, आजोबांना हाताला धरून खुर्चीपर्यंत घेऊन आली.

श्यामरावांनी खुर्ची पाहिली. "हे खुर्ची हाय का झोळी?"

"बसा ना आजोबा, खूप कम्फर्टेबल असते ती."

श्यामराव बसले आणि गुडघे छातीला लागेपर्यंत आत गेले. धोतर, बंडी, टोपी आणि पांढऱ्या पिळदार मिशा तेवढ्या वर राहिल्या.

देवयानीने परातीत पीठ घेतलं. मीठ, ओवा, तेलाचं मोहन. आणि मग पाणी. पंचवीस वर्षं पोळ्या केलेला हात, तो विचारून थोडाच काम करतो? त्याने आपलं नेहमीचं पाणी घातलं, नेहमीसारखं मळलं आणि लुसलुशीत गोळा तयार केला.

खुर्चीतून खोकला आला.

ती मळत राहिली.

"पोळ्या करतं का वं?" श्यामरावांनी विचारलं.

"रोडगे, बाबा."

"ह्याचे? हे तर निखाऱ्यावर ठेवलं का बसून जाईन, पापडावानी. घट्ट लागते कनिक. अन् हे पीठ कसं आनलं? तोंडाले लावाची पावडर हाय हे. रोडग्याले भरडं लागते, जाडं."

"तुम्ही बसा बाबा. मी करते."

श्यामराव उठायला गेले. खुर्चीने सोडलं नाही. त्यांनी एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, मग हात पुढे करून नातीला म्हणाले, "वढ." सायलीने ओढलं. खुर्चीही सोबत थोडी आली. तपनदा मदतीला धावले, त्यांनी खुर्ची मागून धरली, आणि एकदाचे श्यामराव मोकळे झाले.

"सरक," ते मुलीला म्हणाले.

पुढचा तासभर घाटावर वेगळंच राज्य होतं. श्यामराव बाह्या सारून परातीशी मांडी घालून बसले. उरलेलं सगळं कोरडं पीठ त्यांनी त्या लुसलुशीत गोळ्यात दाबून दाबून घातलं. जावयाला हुकूम सुटला. "जावईबापू, गोवऱ्या अशा उभ्या रचा, हवा खेळली पायजे." अजेयने अशा उभ्या रचल्या. "त्याईले म्हना, वाऱ्याच्या बाजूनं उभे राहा." तपनदा वाऱ्याच्या बाजूने उभे राहिले, मराठीचं अक्षर न कळता. सायली कणकेच्या पुऱ्यांना तेल लावून थर देत होती, बुलादी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढत होती. देवयानीच्या वाट्याला वांगी चिरणं आलं. दिवाळीपासून पहिल्यांदा तिला वडिलांच्या मानेवरची ती शीर दिसली. मशीन नीट चालत नसलं की फुगायची ती.

गोवऱ्या भडकल्या, बसल्या. श्यामरावांनी गोळे निखाऱ्यांवर मांडले, चिमट्याने फिरवले आणि मग फावड्याने राख वर ओढून सगळे पुरले. वर एक थाप मारली, बाळाला थोपटल्यासारखी.

"सबंध गावाले जेऊ घालतो मी दरसाली," ते सायलीला म्हणाले. "अन् आजवर एक रोडगा कच्चा नाई निघाला. निघाला तर मिशी उतरवीन."

"प्रॉमिस?"

"मंग!"

सायलीने आईला कोपर मारलं. देवयानी हसली. तिला वाटलं, जमलं. तिच्या ठरवण्यापेक्षा उलटं झालं होतं खरं, पण जमलं.

वेळ झाली. राखेतून काळेभोर गोळे निघाले. ते स्वच्छ गोणपाटात टाकले. अजेयने दोन टोकं धरली, तपनदांनी दोन, आणि राख झटकायला पाळण्यासारखे झोके दिले. निम्मी राख तपनदांच्या माकडटोपीवर बसली. शेजारच्या पिकनिकमधली माणसं नाचायचं थांबून बघायला आली.

श्यामरावांनी पहिला रोडगा हातात घेतला, दोन्ही अंगठे रोवले आणि फोडला.

वरचं कवच कोळशासारखं. त्याच्या आत बोटभर जाडीचा तांबूस, खमंग थर. आणि त्याच्या आत कच्ची कणीक, पांढरी, ओली, परातीत होती तशीच.

दुसरा फोडला. तसाच. तिसरा.

लाऊडस्पीकर तेवढे बोलत होते.

बुलादी भल्या घरची. तिने कवच बाजूला सारलं, तांबूस थराचा तुकडा मोडला, डब्यातला खजुराचा नलेन गूळ त्याला लावला आणि डोळे मिटून म्हणाली, "दारून! मेशोमोशाय, दारून होयेछे!"

"काय म्हनते?"

"फारच छान झालंय म्हणते," देवयानी घाईने म्हणाली. "झालेतच छान, बाबा. जरा... खरपूस आहेत, एवढंच."

"आजोबा, हे कच्चं आहे," सायली म्हणाली.

"सायली!"

"काय सायली? आहेच ना रॉ. आतमध्ये पीठ आहे, तसंच. पोट दुखेल." तिने तुकडा आजोबांपुढे धरला. "बघा ना तुम्ही."

श्यामरावांनी तिच्या हातातला तुकडा घेतला, मधली कणीक दोन बोटांत चोळली, जिभेला लावली. "खरं बोलते पोट्टी," ते म्हणाले. मग तुकडा परातीत ठेवून, धोतराला हात पुसून, ते नदीकडे चालायला लागले आणि घाटाच्या कडेला पाठमोरे उभे राहिले.

देवयानीने मुलीकडे असं पाहिलं की सायलीने वांग्याच्या भाजीत डाव घातला आणि काढलाच नाही.

"जा तू," अजेय हळूच म्हणाला. "पाय घसरेल तिथं."

ती गेली. नदीत एक टगबोट, म्हणजे दुसऱ्या बोटींना ओढणारी, घुरघुरत चालली होती. श्यामराव तिच्याकडे बघत होते.

"बाबा, चला. बुलादीने लुची आणलीय, मैद्याच्या पुऱ्या, गरम आहेत अजून."

"उद्या गाडी किती वाजता हाय?"

"दुपारी. रोडग्याचं काय एवढं. एखाद वेळी होतं."

"नाई होत."

"बरं, नाही होत. पण तुम्ही उगाच दमलात. मी म्हणत होते, तुम्ही बसा, मी—"

"बसा!" श्यामराव गर्रकन वळले. "दिवाळीपासून बसवून ठेवलं मले तुनं. गनपतीले तरी दहा दिवसानं उठवतात!"

मग देवयानीचंही सुटलं. कलकत्त्यात वीस वर्षं, त्याआधी पुण्यात, या सगळ्याखाली दडपून ठेवलेली अंजनगावची बोली सरळ वर आली. "मंग काय करू? उभं ठेवू? मोरीत पडले होते तुम्ही! रातभर! दूधवाल्यानं फोन केला तवा माह्ये हातपाय कसे झाले ते मले मालूम. तुम्ही इथंच राहा म्हनून मरमर करतो मी, अन् तुमचा बिरश रोज थैलीत! मले दिसत नाई का?"

एवढं बोलून तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. तिने पदराने नाक पुसलं. पदराला राख लागलेली होती, ती नाकाला लागली.

श्यामरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"राहू तर राहू," ते शेवटी म्हणाले. "पन राहून करू काय, ते सांग."

तिने दोन महिने जागेचा विचार केला होता. खोलीचा, गादीचा, पेल्यातल्या जागेचा. दिवसाचा विचार केलाच नव्हता.

दोघं परत आली. बुलादीने लुच्या काढल्या. श्यामराव जेवायला बसले नाहीत. ते विझलेल्या जागेशी उकिडवे बसले आणि राखेत सरळ हात घातला.

"आजोबा, भाजेल!"

"तेच पाह्यतो. नाई भाजत." त्यांनी मूठभर राख उचलून वाऱ्यावर सोडली. "थंडी. इतक्यात थंडी! आपल्याकडची राख सांजपावतर जीव धरून राह्यते." त्यांनी सॅकमध्ये उरलेली एक घुंटे काढली, उन्हात धरली, वाकवली. कट्कन मोडली. "हे पाहा जावईबापू. हे गोवरी हाय का?"

"गोवरीच आहे की."

"पापड हाय! भडकते अन् मरते. वरून जाळते, आतपावतर जातच नाई. मी गोवऱ्या मोजल्या अंजनगावच्या हिशोबानं, अन् ह्या निघाल्या पापड!" आवाज चढत चालला होता, पण त्यात मघाची धार नव्हती. नादुरुस्त मशीनचा नेमका बिघाड सापडला की फिटरचा आवाज असाच चढतो. "एवढ्या पातळ काऊन करतात हे लोकं?"

अजेयने तपनदांना विचारलं. तपनदा विचारात पडले, टोपीवरची राख झाडत म्हणाले की भिंतीवर थापतात ना, जाड केली तर खाली पडेल.

"पडनच ना! जमिनीवर थापा लागते. अशी." श्यामरावांनी तळहातावर तळहात ठेवून जाडी दाखवली. "मंग ते धुमसते. रोडगा राखेत निजून राह्यते अन् आतून शिजते."

"तशी इथं कोण देईल करून?" अजेय म्हणाला.

त्यावर श्यामरावांनी आपल्याच हातांकडे पाहिलं. उलटे केले, सुलटे केले.

"वाळायला किती दिवस लागतात, आजोबा?" सायलीने विचारलं.

श्यामरावांनी डोळे किलकिले करून आभाळाकडे पाहिलं, मग नदीकडे, मग त्या मऊ, धुरकट उन्हाकडे. "आपल्याकडे लौकर वाळते. इथलं ऊन लेचंपेचं. त्यात नदीची वल. होळी येईन."

"पण तुमची ट्रेन उद्याच आहे."

देवयानी स्टोव्हवरचं वरण ढवळत होती. वरणाला ढवळायची काहीच गरज नव्हती. पण वर पाहायचं धाडस होत नव्हतं, म्हणून तिने डाव फिरवत ठेवला.

"जावईबापू," श्यामराव बंडीचा खिसा चाचपत म्हणाले, "हे तिकीट पुढं ढकलता येते, का फेकून द्या लागते?"

"काहीतरी करता येईल," अजेय म्हणाला.

"कायचं काहीतरी! विचार करून सांगा. मी काई राह्यतो म्हनत नाई. पन कच्चा रोडगा ठेवून गेलो तर हे पोट्टी जन्मभर सांगन लोकाईले."

"आणि मिशी?" पोट्टीने विचारलं.

"मिशी होळीले पाहू."

सायली हसत सुटली. तपनदांना कळलं काहीच नाही, तरी तेही हसले. देवयानीला बरंच काही म्हणायचं होतं, आणि त्यातलं काय बाहेर पडेल याची तिला भीती होती. कारण सवय वाईट. तिने पातेलं उतरवलं, आजूबाजूला पाहिलं आणि रिकामी बादली वडिलांपुढे धरली.

"बाबा, उठा," ती म्हणाली. "तेवढं हात धुवायला पाणी आणा नळावरून. सगळ्यांना वाढायचंय."

श्यामरावांनी बादली घेतली. "अर्धी आनू का भरून?"

"भरून."

ते गेले, सावकाश, पण सरळ. अजेय मागून उठायला लागला. देवयानीने त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली बसवलं.

रोडग्यांचे तांबूस थर तेवढे वेगळे काढून, तूप घालून, वांग्याच्या भाजीशी सगळ्यांनी खाल्ले. कच्चं शेजारच्या पिकनिकच्या कुत्र्यानेही घेतलं नाही, आणि श्यामरावांनी हे स्वतः सगळ्यांना दाखवून दिलं.

सोमवारी सकाळी देवयानी उठली तेव्हा बाबा घरात नव्हते. पलंगाखाली वाकून पाहिलं, पिशवीही नव्हती. तिने अजेयला हाक मारली, चपला शोधल्या, एक सापडली. तेवढ्यात खालून बुलादीचा फोन. मेशोमोशाय आणि सायली पहाटेच कालव्याकडे गेलेत, मला सांगून गेलेत, काळजी करू नकोस, आणि हो, गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मागून ठेवलाय. त्याला मी सांगितलंय की झाडांचं खत आहे. तू पण तेच सांग.

देवयानी चूळ भरायला बाथरूममध्ये गेली. पेल्यात चार ब्रश होते. चौथ्याला अजून कागदाचा एक कपटा चिकटलेला होता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात श्यामराव, कोपरापर्यंत हात भरलेले, आणि त्यांच्यामागे नाक दाबून सायली, हातात ती पिशवी. ओली, जड, काठोकाठ भरलेली.

"सरक," श्यामराव म्हणाले. "गच्चीची किल्ली दे."